रिबकाची सावड

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर एसटी खोळंबली ती आमच्या पेटीमुळं नाही, पाळकांच्या प्रार्थनेमुळं. आमच्या नगरकडच्या मंडळीत कुणी बाहेर निघालं की त्याच्यासाठी उभ्यानं प्रार्थना करायची रीत. अर्धी मंडळी फाट्यावर आलेली. पाळक मोशेपासून सुरू झाले. मोशे लाल समुद्रापर्यंत पोचला तरी थांबेनात, तेव्हा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "अवो, आमेन म्हणा की आता, मला पुढं टायमात पोचायचंय." सगळ्यांनी एकदम आमेन म्हटलं. कंडक्टरनंसुद्धा म्हटलं.

याकोबा, तू होतास तिथं, तुला आठवत असेल. बापानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच बोलला, "हात पसरू नको, हात चालव." रिबका आईला म्हणाली, "आत्याबाई, तितं आपलं कुणीच न्हाई." आई म्हणाली, "देवाला पत्ता सांगावा लागत न्हाई." आणि पदर तोंडाला लावून मागं वळली ती गाडी सुटेपर्यंत वळलीच नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. ह्रस्व-दीर्घ पाहू नका. हे मी तुझ्यासाठी लिहितोय, आणि आपल्यातले जे सुरतेला, मुंबईला, कुठं कुठं गेले त्यांच्यासाठी. उपासनेनंतर कुणी तरी मोठ्यानं वाचावं. तू फोनवर तीन-चारदा तेच विचारलंस, की दादा, परत कधी येतोस. फोनवर मला नीट सांगता येत नाही. हे लांबलचक उत्तर आहे.

विहिरीनं तळ दाखवला म्हणून आम्ही निघालो होतो. पुण्याच्या एका साहेबांनी मुळशीत, कोळवण खोऱ्यात फार्महाऊस बांधलं होतं, राखणीला नवरा-बायको पाहिजे होते. आपल्याकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन जातो. इथं तो घरजावयासारखा येतो, बसला की उठायचं नाव नाही. भिंतीला बुरशी, मिठाचं पाणी, बरोबर आणलेल्या बाजरीला गोणीतच मोड. रिबका म्हणाली, "बरं झालं, उसळ करू."

साहेबांचं एक भाताचं खाचर होतं. ते म्हणाले, शमुवेल, यंदा भात कर. मी कधी भात केला नव्हता, पण विचारायला लाज. जमीन नांगरली आणि पाभरीनं सरळ ओळीत बी पेरलं, बाजरी पेरतात तसं. वर बांधावर उभा राहून स्वतःचंच कौतुक केलं, काय सुरेख ओळी. मग पाऊस लागला तो थांबेना. आठवड्यानं खालच्या खाचराचे मालक, तात्या, दारात आले. म्हणाले, "पाव्हणं, तुमचं बी आमच्याकडं उगवलंय. कवा येताय न्यायला?" रिबका हसून हसून बांधावर खाली बसली. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

तात्यांची बायको हौसाबाय, तिनं आम्हाला भात शिकवला. जमिनीचा एक तुकडा पालापाचोळा, शेण घालून जाळायचा, त्याला राब म्हणतात. त्यावर रोपं काढायची आणि चिखल केलेल्या खाचरात उपटून लावायची. शिकवता शिकवता तिनं विचारलं, "तुमी किरिस्ताव ना? मंग घरात इंग्रजी बोलता का?" रिबका म्हणाली, "व्हय, पण फकस्त म्हशीसंगं." त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते जमलं.

काही वर्षांनी साहेबांनी फार्महाऊस विकलं. नव्या मालकानं एजन्सीचा वॉचमन ठेवला आणि ऐन श्रावणात आम्ही बाहेर. तात्यांनी गोठ्याची पडवी दिली, पण काम नव्हतं आणि डबे रिकामे होते. एका संध्याकाळी पाहतो तर रिबकानं चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलेलं. मी म्हटलं, "तांदूळ कुटंय? पाणी खायचं का आता?" ती म्हणाली, "पाणी तापाया येळ लागतो. तवर पुरवणारा बघंल." खरं सांगतो, त्या रात्री कुणी आलं नाही. आम्ही गुळाचा खडा टाकून ते गरम पाणी प्यालो आणि झोपलो. मी मनातल्या मनात तिला लई बोललो. सकाळी हौसाबायनं बांधावरून हाक मारली, "रिबकाबाय, बेणणीला येतीस का, तण काढाया? माणसं कमी पडत्यात." मोशेच्या लोकांना पडला तसा आकाशातून खायचा मन्ना पडला नाही, काम पडलं. रिबकाला दोन्हीत फरक वाटत नव्हता. मला वाटायचा.

पुढं तात्यांनी आम्हाला वाट्यानं करायला एक लहान खाचर दिलं आणि रिबका सावडीत शिरली. सावड म्हणजे आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. दिवसाला दिवस. आमचं खाचर हातरुमालाएवढं, दोन दिवसात उरकायचं. पण ही मात्र लावणीला, कापणीला, झोडणीला सगळ्यांच्या रानात. मी खेकसायचो, "आपल्याला येवढ्या माणसांची गरज हाय का? उगं कशाला मरतीस?" ती म्हणायची, "तुमी आपलं चहा ठेवा." चिखलात वाकून ती आपली भजनं म्हणायची. आजूबाजूच्या बायांना निम्मे शब्द कळायचे नाहीत, निम्मे त्या आपल्या मनाचे घालायच्या. कोळवणात आपलं उपासनामंदिर नाही. महिन्यातून एक रविवार एसटीनं पुण्याला जायचो. बाकीच्या रविवारी ते खाचरच.

गेल्या कापणीलाही ती अशीच सगळीकडं राबली. नाताळाच्या करंज्या केल्या. मग छातीत कफ धरला, आणि माघात ती गेली. पुण्याच्या दफनभूमीत ठेवली. कोळवणातून दोन जीप भरून माणसं आली होती. त्यांच्यात कुणी दफन पाहिलं नव्हतं. माती द्यायची वेळ आली तेव्हा हौसाबायनं कनवटीची पुरचुंडी सोडली. येताना खाचरातली माती घेऊन आली होती.

मी तेव्हा रडलो नाही. मी देवाशी भांडलो. त्याला म्हटलं, ती जन्मभर तू पुरवतोस, पुरवतोस म्हणाली. मग तिला श्वास का पुरवला न्हाईस? त्यानं उत्तर दिलं नाही. मीही बोलणं सोडलं. जेवणाआधी डोळे मिटणं सोडलं, बायबल पेटीत टाकलं.

आमचा पोरगा प्रकाश मला पुण्याच्या कडेला, जांब्याला घेऊन गेला. तुमचा पुतण्या आता कंपनीची कॅब चालवतो. पिकअप, ड्रॉप, नाइट शिफ्ट, त्याची ही भाषा मला आता कळायला लागलीय. खोली चौथ्या मजल्यावर. बटण दाबलं की पाणी गरम. शेजारी एक बिहारी, एक तेलुगू. सगळे चांगले, "अंकल, खाना खाया?" विचारतात. सूनबाई जीव लावते. नात मोबाईलवर मला फुगे फोडायला शिकवते. पण खिडकीतून बघावं तर समोर दुसरी खिडकी. मी प्रकाशला म्हटलं, "बाबा, हितं मी पाव्हणाच. मला कोळवणात सोड, सामान बांधतो आणि गावाला जातो."

तू मला खोली काढून ठेवली होतीस ना, याकोबा, रंगसुद्धा दिलास. मी खरंच येणार होतो. तात्यांना सांगून टाकलं, खाचर तुमचं तुम्ही घ्या, मी काही राब भाजला नाही, रोपं नाहीत. पेटी बांधली. तुम्ही दिवाळीला पाठवलेलं बाजरीचं गाठोडं तेवढं राहिलं होतं, ते हौसाबायला द्यायचं ठरवलं. शुक्रवारच्या गाडीनं निघणार होतो.

बुधवारी सकाळी बाहेर गलका. पाहतो तर तात्यांचा पोरगा माझ्या खाचरात पॉवर टिलर फिरवतोय, आणि बांधावरून प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बाया येतायत, प्रत्येकीच्या डोक्यावर रोपांच्या मुठी. पुढं हौसाबाय.

मी म्हटलं, "ह्ये काय चालवलंय?"

"सावड फेडायचीय," ती म्हणाली. "रिबकाबाय गेल्या कापणीला आमच्या सगळ्यांच्या रानात राबली. तिचे दिवस आमच्याकडं हायेत."

"अगं, ती गेली. माणूस गेलं, सावड बुडाली."

"तुमच्यात बुडत असंल. आमच्यात न्हाई बुडत."

"मग मी माफ केली म्हण."

"तुमी कोण माफ करणार? तुमी आला व्हता का कापाया? तुमी तर चहा ठेवत व्हता." बाया फिसकन हसल्या. "सावड जिची तिलाच माफ करता येती. ती कराया राहिली न्हाई. तवा व्हा बाजूला, न्हाईतर उतरा चिखलात."

मी उतरलो. काय करणार? त्या माझ्यापेक्षा जास्त होत्या.

तात्यांची धाकटी सून माझ्या शेजारी होती. थोड्या वेळानं म्हणाली, "काका, ओळी सरळ नका लावू. पुन्ना आमच्याकडं उगवंल." म्हणजे ती गोष्ट अजून चालू आहे, मी मेल्यावरही चालणार. मग पलीकडच्या बांधाला कुणी तरी रिबकाचं भजन धरलं. शब्द निम्मे चुकीचे. मधल्या कडव्यात तर प्रभूच्या जागी कुठून तरी भाऊराया आला. मी वाकलेलोच होतो, चिखलात हात कोपरापर्यंत. आणि माझ्या तोंडून माझ्या नकळत ती रोजच्या भाकरीची प्रार्थना सुरू झाली, लहानपणी आईनं पाठ करून घेतलेली. किती महिन्यांनी. भाकरीच्या ओळीपाशी आलो आणि एकदम आठवलं, अरे, ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं असतं. आणि माझं घर तर पेटीत बांधून ठेवलेलं.

तसाच पळालो. गाठोडं सोडलं, पिठाच्या गिरणीवर गेलो, चूल पेटवली. जन्मात पहिल्यांदा एवढ्या भाकऱ्या थापल्या. काही जाड, काही फाटक्या, एक तर मुळशी धरणाच्या नकाशासारखी. सोबत ठेचा. भात लावणाऱ्या बाया बांधावर बसून आपल्या गावची बाजरी खात होत्या. हौसाबायनं एक भाकर वर धरून बघितली. म्हणाली, "भाऊ, ही खायची का टिलरला लावायची?" पण ती तिनं खाल्ली, आणि दुसरी मागून घेतली. मी जेवायला बसलो तेव्हा डोळे मिटले. देवाला म्हटलं, श्वासाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, ते मी विसरलो नाही. पण बाकीचं पोचलं. आणि मला हसायला आलं, कारण तिनं जे गेल्या कापणीलाच पाठवून दिलं होतं ते घेऊन येणाऱ्या हौसाबायच्या नाकावर चिखल होता.

संध्याकाळपर्यंत खाचर हिरवं झालं. बाया हातपाय धुऊन निघाल्या तेव्हा मी हौसाबायला म्हटलं, "फिटली ना आता सगळी?"

ती म्हणाली, "आमची फिटली. पण ही धाकटी सून गेल्या साली माहेरी व्हती, बाळंतपणाला. ती वरच्या आळीची सखू, तिच्याकडं रिबकाबाय कवाच गेली न्हवती. आणिक माझा टिलरवाला पोरगा. ह्यांचं काय देणं व्हतं का? ह्ये तुमच्यासाठी आले. ती तुमची सावड. तुमच्या डोक्यावर."

सखू लाजून म्हणाली, "काका, आमची लावणी सोमवारी हाय."

तर याकोबा, असं आहे. सोमवारी सखूच्या रानात गेलो. मंगळवारी कंबर धरली, बुधवारी टिलरवाल्याकडं गेलो. तिथं आणखी दोघं भेटले, त्यांनी माझ्या बांधाचं भगदाड बुजवून दिलं, म्हणजे तेही चढलं. हे फिटेल म्हणावं तर वाढतच जातंय. मला वाटायचं, घर म्हणजे जिथून माणूस निघाला ती जागा. मग वाटलं, जिथं ती होती ती जागा. आता वाटतं, जिथून लोक तुम्हाला सहजी जाऊ देत नाहीत, ते घर. गाव माझं आहेच. तुमच्या प्रार्थनेत माझं नाव असू द्या, पण पाळकांना म्हणावं, आटोपशीर.

नाताळाला मी येईन, इंद्रायणी तांदूळ घेऊन. रिबकाच्या खाचरातला. चार दिवस राहीन आणि परत फिरेन. खोलीला रंग दिलास, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. तिच्यात कांदा भर. उद्या मला लवकर उठायचंय, हौसाबायचं वरचं खाचर राहिलंय.