दाराआडची आत्या

माझी आत्या कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे तिचं काम चालतं. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आत सरकवतात. आत्या त्यावरून प्लास्टरचा साचा काढते, मेणात एकेक दात बसवते, मग पक्की कवळी करून, घासूनपुसून त्याच खिडकीतून परत देते. पहिल्या पंचवीस वर्षांत ती एकाही रुग्णाशी एक शब्द बोलली नव्हती. आसपासची निम्मी म्हातारी माणसं तिनं केलेल्या दातांनी जेवत होती, हसत होती, एकमेकांशी भांडत होती. ती मात्र रस्त्यात कुणी समोरून आलं की पलीकडच्या बाजूला जायची.

"लाजाळू आहे जरा," आजी सगळ्यांना सांगायची. घरात हाच शब्द रुळला होता, सोयीचा होता. पण लाजणारं माणूस थोड्या वेळानं खुलतं. आत्याचं तसं नव्हतं. दारावरची बेल वाजली की तिच्या तळहातांना घाम फुटायचा आणि तोंडाला कोरड पडायची. फोन वाजला की तो थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसायची. दुकानात जायचं तर काय मागायचं ते वाक्य घरी चारदा घोकून जायची, आणि दुकानदारानं मध्येच "मोठं देऊ की लहान?" असं विचारलं की काहीच न घेता परत यायची.

शाळेत एकदा उभं राहून धडा वाचताना तिचा आवाज गेला होता आणि वर्ग हसला होता. हे तिनं मला खूप उशिरा सांगितलं. मी म्हटलं, "अगं, शाळेत सगळ्यांनाच हसतात."

"हो. पण बाकीचे नंतर खाली बसतात. मी अजून उभीच आहे."

रविवारी चर्चला मात्र ती न चुकता जायची. पहिलं गीत सुरू झालं की आत शिरायची आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब आशीर्वादासाठी हात उचलत, सगळे डोळे मिटत, तेवढ्यात ही पसार. रोज सकाळी गुडघे टेकून तिचं एकच मागणं असायचं, "प्रभू, ही भीती काढून टाक." वर्षांमागून वर्षं गेली, भीती गेली नाही. तेव्हा तिनं मनाशी निकाल लावला की आपला विश्वासच कच्चा आहे. आधीच कोंडलेला जीव, त्यात हा अपराधीपणा बाहेरून कडी घालून बसला.

मग आजी गेली. मंगळवारी सकाळी, झोपेतच. दहा वाजेपर्यंत घर माणसांनी भरलं. "चादर आणते," म्हणून आत्या स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत गेली, ती आतच राहिली. बाहेर माणसं वाढत गेली, तशी तिची बाहेर यायची हिंमत आटत गेली. आता निघाले तर सगळे वळून बघतील, इतका वेळ कुठे होतीस विचारतील, मी काय सांगू? असं करता करता दुपार झाली.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मी दार वाजवलं. "आत्या, आजीची पेटी बंद करतायत. ये ना."

"आले. तू हो पुढे."

मी थांबले. आतली कडी किंचित सरकल्याचा आवाज आला, आणि पुन्हा लागल्याचा. बैठकीच्या खोलीत गीत सुरू झालं. पेटी उचलताना होते ती कुजबूज, जडशीळ पावलं, मग गाड्यांची दारं लागल्याचे आवाज, हे सगळं तिनं डाळीतांदळाच्या डब्यांच्या मधे उभं राहून ऐकलं.

आम्ही दफनभूमीतून परतलो तेव्हा ती मोरीत कप विसळत होती. बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, दारात उभे राहिले. ते ओरडले नाहीत. "आईला शेवटचं बघायलासुद्धा आली नाहीस," एवढंच म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिने ते तिच्याशी कामापुरतंच बोलत.

चर्चच्या दाराजवळ प्रार्थनेच्या विनंत्या टाकायची एक लाकडी पेटी होती. त्या रविवारी आत्यानं तिच्यात चिठ्ठी टाकली. "मला माणसांची भीती वाटते. त्या भीतीपायी मी आईला निरोप दिला नाही. नाव लिहीत नाही." पाळकसाहेबांनी ती पुढच्या उपासनेत वाचली. आत्याला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. पण त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. प्रार्थना केली आणि सांगितलं, "बुधवारी दुपारी मागच्या खोलीत सिस्टर बसतात. त्या समुपदेशनाचं काम करतात. तिथेही नाव सांगावं लागत नाही."

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. जाडजूड, ठसठशीत आवाजाच्या. आत्या तीन बुधवार त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आली. चौथ्या बुधवारी सिस्टर स्वतःच दोन खुर्च्या घेऊन व्हरांड्यात आल्या. एकीवर आपण बसल्या आणि समोरच्या झाडाकडे बघत म्हणाल्या, "दुसरी रिकामी आहे. बोलायलाच पाहिजे असं काही नाही."

आत्या बसली. त्या दिवशी ती फक्त एक वाक्य बोलली. "माझा विश्वास कमी पडतो."

"दम्याच्या माणसाला धाप लागते, तेव्हा त्याचा विश्वास कमी पडतो का?" सिस्टरांनी विचारलं. "भीती म्हणजे पाप नव्हे, बाई. दुखणं आहे. देवाकडे जरूर मागा, आणि औषधाचा कडू डोसही घ्या. दोन्हीत भांडण नाही."

हा डोस म्हणजे भीतीची यादी. सगळ्यात सोप्या गोष्टीपासून सगळ्यात अवघडपर्यंत, एकेक करून दाखवायची. जायच्या आधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. आल्यावर लिहायचं, काय झालं. पहिलं काम होतं, अनोळखी माणसाला किती वाजले ते विचारायचं. आत्यानं आधी लिहिलं, "तो मला वेडी समजेल." नंतर लिहिलं, "पावणेपाच."

मला हे वाचून हसू आलं होतं. तिलाही आलं, पण जरा वेळानं.

सगळं असं सरळ झालं नाही. पाच महिन्यांनी सिस्टरांनी आशीर्वाद संपेपर्यंत बाकावर थांबायचं काम दिलं. ती थांबली. उपासनेनंतर चार बायकांनी तिला घेरलं, आपुलकीनंच. एकीनं आजीचा विषय काढला आणि आत्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती वाट काढत बाहेर पडली, घरी आली, आणि थेट कोठीत जाऊन तिनं कडी लावली. पुढचे दोन महिने ना चर्च, ना बुधवार. दवाखान्यात खिडकीतूनसुद्धा ती चिठ्ठ्याच द्यायची. डॉक्टर वैतागले होते. मला वाटलं, संपलं आता.

ती परत गेली ती बाबांमुळे, पण बाबांना ते ठाऊक नव्हतं. एका दुपारी मी स्वयंपाकघरात असताना ते काहीतरी शोधायला कोठीत शिरले, तर ही पोत्यावर बसलेली. ते तसेच मागे फिरणार होते.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी इथेच होते. मला सगळं ऐकू येत होतं. कडी तीनदा काढली मी. हातच पुढे जाईना. मला यायचं नव्हतं असं समजू नकोस."

बाबा वळून आत आले. मग दुसऱ्या पोत्यावर बसले. "मला वाटलं, तुला रडणाऱ्या माणसांचा कंटाळा आला."

"कंटाळा?" ती म्हणाली. "अरे, मला त्यांच्यात बसून रडायचं होतं."

ते दोघं काय बोलले ते पुढचं मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरातून निघून आले. त्या बुधवारी बाबा तिला सिस्टरांकडे सोडायला गेले आणि फाटकाबाहेर तासभर उभे राहिले. तिची प्रार्थनाही त्या सुमारास बदलली. भीती काढून टाक असं ती म्हणेनाशी झाली. "आत कोंडलेली असले तर आतही माझ्याजवळ राहा," असं म्हणू लागली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सिस्टरांनी फक्त विचारलं होतं, "त्या कोठीत देव होता असं वाटतं तुम्हाला?" त्यावर विचार करायला तिला आठवडा लागला होता.

पुढच्या दोन वर्षांत ती फोन उचलायला शिकली. रुग्णाच्या खुर्चीपाशी येऊन "कुठे टोचतं?" असं विचारायला शिकली. हात थरथरतो, तो थरथरताच ठेवून कवळी घासते. एका आजोबांनी तर डॉक्टरांना सांगितलं की आतल्या बाईंनाच बोलवा, त्या कमी बोलतात.

गेल्या वर्षी माझं लग्न झालं. चर्चमध्ये ती तिसऱ्या बाकावर होती. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला दोनशे माणसं होती, तिथे ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासरच्या दारावर बेल वाजली. आत्या एकटीच उभी होती, कपाळावर घाम.

"काल मला जमलं नाही," ती म्हणाली. "दारापर्यंत आले होते. डोकं दुखत होतं असं सांगणार होते, पण तसं नव्हतं. घाबरले."

मी तिला आत घेतलं. आम्ही बसतोय तोच माझ्या सासूबाई बाहेर आल्या. या दोघींची ओळख नव्हती. आत्याची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करू लागली, तिची नजर एकदा दाराकडे गेली. मग ती सोफ्यावर जरा सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी हिची आत्या. बसा ना."