बिनफेसाचा सोडा

आमचे बाबा आंध्र सरकारच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेलं घरी येऊन शिकवायचे. चहाची वाफ असो की आंघोळीचा साबण, त्यांना कशातही धडा दिसायचा. तो ऐकल्याशिवाय ताट पुढे येत नसे, म्हणून आम्ही ऐकायचो.

त्या वैशाखात ताईला बघायला भैंशाहून पाहुणे येणार होते. मुलगा मास्तर होता आणि लग्नानंतर मुलीला बीएड करू देऊ, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. ताई बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायन. हे स्थळ जमावं असं तिला फार वाटत होतं. मला तिनं तसं उघड सांगितलं होतं.

बाबांनी भर उन्हातून सायकलवर गोटी सोड्याच्या बाटल्या आणल्या. पण पाहुण्यांसमोर बाटल्या फोडणं म्हणजे घराची टपरी करणं, असं त्यांचं मत. म्हणून सोडा आधीच स्टीलच्या ग्लासांत ओतून, मीठ-साखर ढवळून तयार ठेवायचा, असा हुकूम सुटला. वर श्रीमंती म्हणून मिठाईत घालतात त्या गुलाबाच्या तेलाचा थेंब. ताई म्हणाली, बाटल्या गार पाण्यात ठेवू, पाहुणे बसल्यावर फोडू. गरम पाण्यात गॅस टिकत नाही, मीठ पडलं की उरलासुरलाही पळतो, आणि तेल काही पाण्यात विरघळायचं नाही. बाबा म्हणाले, हा धडा मी तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मीठ घातलं. ग्लास एकदा जोरात फसफसले आणि गप्प झाले.

त्यात पाहुण्यांची बस गुडीहत्नूरला पंक्चर झाली. ते आले तेव्हा ग्लासात खारट-गोड कोमट पाणी होतं आणि वर तेलाचा तवंग. मुलाच्या वडिलांनी एक घोट घेऊन ग्लासात डोकावून पाहिलं. सोडेवाल्यानं फसवलं, असं बाबांनी लगेच जाहीर केलं. आईनं आणि मी इमानदारीत माना डोलावल्या.

"बाई, तू तर रसायन शिकून राह्यली," मुलाचे वडील ताईला म्हणाले. "सांग बरं, ह्या सोड्याचा फेस कुठं गेला?"

ताईनं बाबांकडे पाहिलं. बाबा छताचा पंखा बघत होते.

"मले माहीत नाही," ती म्हणाली.

काही दिवसांनी निरोप आला. पोरगी गुणाची आहे, पण डोकं बेताचं; बीएड तिला झेपायचं नाही, तेव्हा राहू द्या. बाबा भडकले, तेही पाहुण्यांवर नाही, ताईवर. ती मोरीत भांडी घासत होती आणि हे तिच्या डोक्याशी उभे. मला त्यांचा फार राग आला.

"इतका सोपा प्रश्न," बाबा म्हणाले. "तापमान, मीठ, दाब. एवढंबी सांगता आलं नाही तुले?"

ताईनं हातातला ग्लास धुऊन पालथा घातला.

"सांगतलं होतं ना, बाबा," ती म्हणाली. "तुमाले."