सत्तर अंशांची पेटी

वसंतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आबिड्सच्या छापखान्यात एका पत्रकाची मुद्रितं तपासत होते. मामी एवढंच म्हणाल्या, "मामा गेले गं. पेटीसमोरच बसले होते..." मी उरलेल्या चुका दुरुस्त केल्या आणि मग निघाले. याला दीड महिना झाला, तरी त्या दुरुस्त्यांची लाज जात नाही.

मामा सरकारी कारखान्यात भट्टीखात्यात होते. कुठल्या धातूला किती ताप, किती वेळ द्यायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. उदारीकरण आलं, त्यांच्या खात्याला कुलूप लागलं आणि त्या हाकलण्याला कागदावर 'स्वेच्छानिवृत्ती' असं नाव मिळालं. बरोबरच्या एका कामगाराची मुलगी यादम्मा बांबूच्या धनुष्याने नेम धरायची. दुकानांच्या काचेमागे परदेशी धनुष्यं आली होती, पण तिच्या बापाला ती काचेबाहेरूनच बघता येत. बाजार खुला झाला म्हणे. कुणासाठी?

मामांनी नल्लकुंट्यातल्या घराच्या मागच्या खोलीत धनुष्य करायला घेतलं. लाकडाची पातळ पट्टी, दोन्ही अंगांना फायबरग्लास, मध्ये रेझिनचा गोंद. हे सगळं जाड लाकडी साच्यावर शिकंज्यांनी आवळायचं आणि प्लायवुडच्या पेटीत ठेवून तापवायचं. आत विजेचे दिवे, ताप आवरायला जुन्या गीझरचा थर्मोस्टॅट आणि दोन तापमापकं. एक झाकणात, हवेचा ताप सांगणारं. दुसरं खाली साच्यात, अगदी गोंदाजवळ.

"वरचं खोटारडं," मामा म्हणत. "हवा काय, दहा मिनिटांत तापते. साचा म्हणजे आपला सरकारी माणूस. उशिरा तापणार, पण तापला की हटणार नाही. वेळ मोजायची ती खालच्यावरून." खालचा पारा सत्तरला टेकला की तिथून पाच तास. त्याआधी दिवे विझवले तर गोंद वरून दगडासारखा दिसतो, आत मात्र कच्चा राहतो.

पहिली तीन धनुष्यं त्यांनी कस बघायला स्वतःच ओढून मोडली. चौथं यादम्माच्या निवड चाचणीसाठी होतं. वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवर बोट ठेवत वाचायला शिकलेली मी; मी लगेच पत्रक काढलं : 'परदेशी मालाला नल्लकुंट्याचं उत्तर'. चाचणीची तारीखही छापून टाकली.

"पत्रक लौकर सुकतं पोट्टे, गोंद नाही सुकत," मामा हसून म्हणाले. पण माझा छापलेला शब्द मोडू दिला नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांना मामींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. पेटी माझ्यावर सोपवली.

"खालच्यावरून मोजशील ना?"

"हौ मामा, किती वेळा सांगता!"

दुपारी आमच्या चळवळीची सभा होती. तिथे भाषण माझं होतं... मी वरच्या तापमापकावरून मोजलं. चुकून नाही, कळत असताना. त्यातलाही एक तास कापला, दिवे बंद केले आणि निघाले. जाऊन खोटेपणाविरुद्ध बोलले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी चौथ्या बाणाला धनुष्याची वरची पाती उकलली आणि यादम्माच्या कपाळावर बसली. रक्त आलं. निवड गेली. कुणीतरी हसत म्हणालं, "देखो, घर का माल!"

मामांनी मला बाजूला घेतलं. "किती वेळ ठेवलंस?"

"पाच तास."

"खालच्यावरून?"

"हौ."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. यादम्माजवळ जाऊन म्हणाले, "माफ करना बेटी, हमारी पेटी का कुसूर है."

त्यानंतर तीन वर्षं ते तो कुसूर शोधत राहिले. बेगम बाजारातून नवे होल्डर आणले, दिव्यांच्या जागा बदलल्या, आत पंखा बसवला. तापमापकं उकळत्या पाण्यात धरून तपासली. थर्मोस्टॅट बदलला, मग पुन्हा जुना लावला. ज्या माणसाच्या शब्दावर अख्खं खातं भट्टी उघडायचं, त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला. कुणालाही धनुष्य करून दिलं नाही. यादम्माने तिरंदाजी सोडली आणि साडीच्या दुकानात नोकरी धरली. मी दर रविवारी सांगायचं ठरवून जायची आणि चहा पिऊन परत यायची. मधल्या काळात सरकारच्या थापांवर माझी किती पत्रकं निघाली!

मागच्या आठवड्यात मामींनी बोलावलं. "पेटी भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा बघ. शेवटपर्यंत म्हणायचे, सापडत नाही, काय की. तू शिकलेली."

पेटीच्या भिंतींना जागोजाग बुजवलेली भोकं होती. प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीने अंश लिहिलेले. मी साचा आत ठेवून दिवे लावले आणि या वेळी बसून राहिले. दीड तासाने खालचा पारा सत्तरला पोचला. वर सत्तर, खाली सत्तर.

"सापडलं?" मामींनी मागून विचारलं.

मी सांगितलं. सगळं.

मामींनी एका बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवलं. "जेवायलासुद्धा उठायचे नाहीत गं..." एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला दिवे विझवायचं धैर्य झालं नाही. पारा सत्तरवर होता, जराही हलत नव्हता.