झडपेवरची नाकमुरडी

ती कुणाच्या हातात हात देत नाही. कुणी पुढे केलाच तर दोन्ही हात पाठीमागे नेते आणि नुसती मान हलवते. गल्लीतले लोक हसतात. "नाकमुरडीच ती, लहानपणापासूनची," असं म्हणून मोकळे होतात. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे.

लहानपणी तिला कशाचीही किळस यायची. दुसऱ्याच्या पेल्याला ती तोंड लावत नसे. दुधावरची साय दिसली की ती पेला लांब सारायची. धाकट्या भावाचं नाक पुसायला सांगितलं तर डोळे मिटून, श्वास कोंडून भलतंच काहीतरी पुसून यायची, बहुतेक वेळा कान. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "हिला काचेच्या कपाटात ठेवा कुणीतरी!" अशा मुलीच्या वाट्याला काय यावं? तर अख्ख्या शहराचा मैला.

तिचे वडील भुयारी गटाराच्या झडपेवर कामाला होते. लढाई सुरू झाली, त्यांच्या छातीत धूर गेला आणि ते खाटेला खिळले. बदली माणूस मिळेना, कारण जे धडधाकट होते ते बंदुका घेऊन गेले होते. मग या सतरा वर्षांच्या पोरीला वडिलांचे रबरी बूट चढवून झडपेच्या खोलीत उभं केलं. बूट इतके मोठे की आत कागदाचे बोळे कोंबावे लागले. पहिला आठवडाभर तिच्या पोटात अन्न ठरलं नाही. शेजारी शिवणकाम करणारी मावशी राहायची. तिने जाड कापडाची चौपदरी पट्टी शिवून नाकाला बांधायला दिली, तेव्हा कुठे पोरगी उभी राहू शकली.

ही मावशी म्हणजे सुईची भलती मानी बाई. ठिगळ लावायचं तर आतून, बारीक टाक्यांनी, असं तिचं म्हणणं. बाहेरून ठिगळ लावणाऱ्यांना ती शिंपी नाही, चांभार म्हणायची. तिचा एकुलता एक मुलगा लढाईवर गेला आणि शत्रूच्या हाती लागला. तेव्हापासून ती बोलायची कमी आणि शिवायची जास्त.

आता झडपेचं काम काय ते सांगतो. शहराच्या मधोमध एक रुंद रस्ता होता. लढाईत त्याचीच सरहद्द झाली. अलीकडे आपण, पलीकडे शत्रू. कालपर्यंत रस्ता ओलांडून एकमेकांकडे उसनी साखर मागायला जाणारे लोक आता वाळूच्या पोत्यांआडून एकमेकांना टिपत होते. पूल पाडले, तारा कापल्या, बोलणंचालणं संपलं. गटार मात्र एकच राहिलं. अलीकडचा मैला रस्त्याखालच्या मोठ्या नळातून उताराने पलीकडे जायचा. तिथे एका खोल खड्ड्यात लोखंडी जाळी होती आणि जाळीपुढचा पंप सगळं बाहेर फेकायचा. जाळी तुंबली की कुणीतरी खड्ड्यात उतरून ती हातांनी साफ करायची. तेवढा वेळ अलीकडची झडप बंद हवी, नाहीतर उतरलेला माणूस जिता वर येत नाही. म्हणून पलीकडून नळावर ठोके पडायचे. ही चाक फिरवून झडप लावायची आणि उलट ठोका द्यायची. मगच तिकडचा माणूस उतरायचा. दोन्ही सैन्यांना हे माहीत होतं आणि दोन्ही सैन्यं काणाडोळा करत होती. शत्रूशी सगळे संबंध तोडायचे हे ठीक, पण साहेबांचे संडासही त्याच नळाला जोडलेले होते ना!

झडपेजवळ नळाला एक झाकण होतं. ते उचललं की पलीकडचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू यायचा. पहिल्यांदा आला तो शिवीसकट.

"अरे ए, गाढवा! चिंध्या कोण सोडतंय गटारात? जाळी काय तुझा बाप साफ करणार?"

"माझा बाप आजारी आहे!" ती ओरडली. "आणि चिंध्या नाहीत त्या, दवाखान्यातल्या पट्ट्या आहेत. तुमच्याच गोळ्यांच्या!"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"मुलगी आहेस होय? बरं. पण पट्ट्या गटारात कशाला? हाताला लागतं गं सगळं."

"शी!"

"शी काय शी! तू वर उभी राहून चाक फिरवतेस. खाली मी उतरतो."

तिला शिसारी आली, पण पट्ट्यांची नाही, स्वतःची. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या मोरीशी जाऊन तिथल्या सेवकांशी तावातावाने भांडली आणि पट्ट्या जाळायला लावल्या. कुणासाठी भांडतेस असं कुणी विचारलं नाही हे नशीब.

पलीकडचा तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा होता. त्याचं तोंड ती कधीच पाहू शकली नाही. रोज जाळीत काय सापडलं ते तो मिटक्या मारत सांगायचा, खास तिला ओकारी यावी म्हणून. "आज कवळी आली गं. तुमच्याकडचा कुणीतरी म्हातारा उपाशी बसलाय." ती ओकारी आवरता आवरता हसायची. पट्ट्या किती येतात यावरून तुमच्याकडचे जखमी मोजता येतील का, असं त्याला त्याच्या साहेबांनी विचारलं होतं. "मी म्हटलं, साहेब, मैल्यातून मैल्याशिवाय काही कळत नाही," त्याने सांगितलं. त्या दिवशी तिला तो आवडला.

पण गोड शब्द दोघांत कधी निघाला नाही. ठोका दिला की ती म्हणायची, "उतर, डुकरा." तो म्हणायचा, "उतरतो, नकटे." एकदा ती सहज म्हणाली, "कधीतरी माणसासारखं बोलावं म्हणते तुझ्याशी."

"नको," तो म्हणाला. "गोड बोललं की मला धडकी भरते. घरच्यांनी मला या खड्ड्यावर पाठवलं ना, तेव्हा सगळे फार गोड बोलत होते."

मग एके दिवशी झडपेच्या खोलीत आपल्या सैन्यातला एक साहेब आला. नाकाशी अत्तराचा रुमाल, बुटांना चकाकी, आणि चेहऱ्यावर असा भाव की हा मैला दुसऱ्या कुणाचा तरी आहे. वर कळवण्यासारखं त्याच्याकडे बरेच दिवस काही नव्हतं. रस्त्यावरची सरहद्द तसूभर पुढे सरकत नव्हती. त्याच्या डोक्यातून निघालं ते असं: ठोके पडले की झडप लावायची, लावूनच ठेवायची, मागे नळ काठोकाठ भरू द्यायचा. तिकडची माणसं खड्ड्यात उतरली की एकदम उघडायची.

"गोळी खर्च नाही आणि आपला माणूसही जात नाही," तो म्हणाला.

ती म्हणाली, "साहेब, तो जाळी साफ करणारा आहे. सैनिक नाही."

"शत्रू आहे. आणि तुझ्या बापाला खाटेसकट उचलून न्यायला मला दोन शिपाई पुरतात." त्याने रुमाल झटकला. अत्तर आणि मैला यांचा मिळून जो वास आला, तसा घाण वास तिने त्या खोलीतही कधी घेतला नव्हता.

ठोके पडले. तिने झडप लावली. साहेब तिच्या खांद्याशी उभा. "खूण दे. आणि बोल काहीतरी, रोज बोलतेस तसं. संशय येता कामा नये. गोड बोल!"

गोड बोल. तो मूर्ख स्वतःच्या तोंडाने म्हणाला.

तिने ठोका दिला, झाकण उचललं आणि आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती इतक्या मऊ आवाजात म्हणाली, "नमस्कार. झडप लावली आहे हं. आपण अगदी सावकाश उतरा. काही काळजी करू नका."

 पलीकडून आवाज आला, तोही तितकाच मऊ. "आभारी आहे, ताई."

"शाब्बास," साहेब पुटपुटला. त्याने नळ भरू दिला, आणि मग तिच्या हातांवर स्वतःचे हात ठेवून चाक फिरवायला लावलं. नळातून जे गेलं त्याने खोलीची जमीन थरथरली. ती मनात म्हणत होती, डुकरा, तू वर आहेस, तू वर आहेस.

त्यानंतर पलीकडचा पंप बंद पडला. मैला मागे फिरला आणि सर्वांत आधी साहेबाच्या तळघरातल्या कचेरीत वर आला. साहेबाला खुर्च्या-टेबलांसकट माडीवर पळावं लागलं. तिला हसू यायला हवं होतं, पण ती नुसती झाकणाशी कान लावून बसायची.

शेवटी ठोके पडले. ती झाकणावर झेपावलीच. "डुकरा? मेलास का?"

"नाही मेलो, नकटे." आवाज त्याचाच, पण मिटक्या नव्हत्या त्यात.

ती रडायला लागली. तो मग म्हणाला, "मी उतरत नाही म्हणालो. पोट दुखतंय म्हटलं. मुकादमाने मला लाथ घातली आणि कैद्याला उतरवलं. तुमच्याकडचा कैदी. काहीतरी दगा आहे हे मला सांगता आलं असतं. पण कशावरून सांगतोस म्हणाले असते, तर तुझं नाव निघालं असतं. मी गप्प बसलो. ऐकतेस ना?"

"कोण होता?"

"नाव नाही कळलं. आपल्याएवढाच. वर काढला तेव्हा त्याचा सदरा मी धुतला. कोपराला ठिगळ होतं, पण आतून. इतके बारीक टाके मी कधी पाहिले नाहीत."

तिने झाकण लावलं. नाकावरची चौपदरी पट्टी सोडून हातात घेतली आणि तिचे टाके पाहत बसली.

शाळेच्या मोठ्या खोलीत तिला पदक दिलं. साहेबालाही दिलं, तिच्याहून मोठं. शत्रूची माणसं नळात बुडवणारी शूर कन्या, असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. चांगले कपडे घालून आलेले ते शेजारी, माना डोलावणारे मास्तर, पुढच्या रांगेत बसून खोकणारे आणि अभिमानाने रडणारे तिचे वडील, सगळ्यांकडे पाहून तिला जी शिसारी आली ती गटारात कधी आली नव्हती. सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण वडिलांची खाट दोन शिपायांच्या अंतरावर होती आणि पलीकडच्याची मान त्याच्या मुकादमाच्या हातात. ती पदक छातीवर घेऊन उभी राहिली.

लोक पांगायला लागले तेव्हा मावशी पुढे आली. तिने पोरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपल्या गालांना लावले. तिची बोटं सुईने खरखरीत झाली होती.

"ह्याच हातांनी फिरवलंस ना गं चाक? माझ्या पोराला धरून नेलं त्यांनी. तू फेडलंस हो."

पोरीने हात ओढून घ्यायला पाहिलं.

"तुला किळस येते, ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. "पण क्षणभर राहू दे."

तिने राहू दिले.