फळ्यावरची नावं

काल आमच्या तालमीचा फुटबॉल संघ सलग पाचव्यांदा हरला. कोल्हापुरात फुटबॉलमधला पराभव सुतकासारखा पाळतात. सकाळी तालमीच्या दारात आम्ही नेहमीचे सातआठ जण चहा घेत जमलो आणि तिथल्या फळ्यावर नव्या कोचसाठी नावं लिहू लागलो.

"मिलिटरीतला तो सुभेदार आणूया," बंडा म्हणाला.

"त्याला आणला हुता की! आपणच पळवून लावला."

आमचा फळा कधीच नीट पुसला जात नाही. नव्या नावांखालून जुनी नावं दिसत राहतात. सध्याचे कोच असलेल्या सरांचं नावही तिथं पुसट दिसत होतं. गेल्या मोसमात ते लिहिलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

तेवढ्यात सरच आले. फळा झाकायचं कुणालाच सुचलं नाही. त्यांनी सगळी नावं शांतपणे वाचली. मग खडू घेऊन, एकाही नावाला धक्का न लावता, खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'उद्या सराव, सकाळी सहा.' बॉलची जाळी खांद्यावर टाकून ते निघून गेले.

आम्ही मान खाली घालून बसलो. पराभव कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय आम्हाला सोसत नाही. दरवर्षी एक माणूस आणायचा, मिरवायचा आणि पुसून टाकायचा. एवढ्यानं संघ जिंकणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

बंडा उठून फळ्याजवळ गेला. वाटलं, आता पुसेल.

"सरांनी कोपऱ्यातच लिवलंय," तो म्हणाला. "अजून दोन नावं मावत्यात."