लेख ऐकणारे आबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वर्गातल्या मुलांसाठी मी कवितांवर ब्लॉग लिहितो. त्याचे एक वाचक मेहरूण तलावाकाठी रोज सकाळी माझ्याच बाकावर बसतात, आणि लिहिणारा मी आहे हे त्यांना ठाऊक नाही.

नाव मी विचारलेलं नाही, आबा म्हणतो. डोळे अधू, म्हणून नातीने लावून दिलेला लेख फोन त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. मांडीवर टोपी, टोपीत फोन, आणि मधूनच त्यालाच विचारतात, "बरं, मंग?" माझ्या विनोदांना ते हसत नाहीत. विनोदापुढचं चिन्ह फोनने "हसणारा चेहरा" असं वाचलं की मात्र पोट धरून हसतात.

एकदा त्यांनी लेख मध्येच थांबवला आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर हुशार शे, पन भित्रा शे. घडीघडी 'असे मानले जाते' म्हनस. बठ्ठा लोके काय मानतस ते ऱ्हाऊ दे. तुले कविता आवडनी का नही, ते सांग ना भाऊ." शेवटचं ते टोपीतल्या फोनलाच म्हणाले.

"असेल त्याची काही अडचण," मी म्हणालो.

"आवडनी नही म्हनाले कसानी अडचन?"

घरी जाऊन मी ते शब्द खोडले आणि लिहिलं, 'ही कविता मला आवडत नाही, तरी इतकी वर्षं आवडते असं शिकवत आलो.' मुलं पहिल्यांदाच कवितेवरून माझ्याशी भांडली. फार बरं वाटलं.

ओळख दिली तर आबा मला 'सर' म्हणतील आणि असं बोलायचे थांबतील, म्हणून गप्प राहतो. पण तो लेख त्यांच्यामुळे सुधारला, हे त्यांना तोंडावर सांगायचं माझं देणं अजून बाकी आहे.