अग्रलेखाला पडलेली खिडकी

नाशिकला मी देवदर्शनासाठी बऱ्याचदा गेलोय. या खेपेला गेलो ते एका म्हाताऱ्या माणसाला त्याचाच लेख वाचून दाखवायला.

तात्या एका साप्ताहिकाचे मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक होते. शेवटच्या पानाच्या तळाशी चारही ठिकाणी त्यांचंच नाव असे. मी त्यांचा नांदगावचा वार्ताहर. बातमीचं पाकीट नाशिकच्या एसटीत कंडक्टरकडे द्यायचो आणि तात्या स्टँडवर येऊन ते घेऊन जायचे. साप्ताहिक बंद पडून काही वर्षं झाली. आता तात्यांची नजरही गेली आहे. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "तुझी काकू गेली त्या आठवड्याचा अग्रलेख ऐकायचाय. काय लिहिलं होतं, काही आठवत नाही. तू ये." काकू म्हणजे तात्यांची बायको.

नांदगावहून सकाळची गाडी धरली की दोन-अडीच तासांत नाशिक रोड येतं. जनरलचं तिकीट मिसळीच्या प्लेटीपेक्षा स्वस्त पडतं, फक्त मनमाडला जागेवरून उठू नका. शेजारी एक कांद्याचे व्यापारी होते. कुठे निघालात म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. "पेपर काढायचे व्हय? आमच्याकडं पेपर लय लागतो," ते म्हणाले, "भेळीच्या गाडीवर." डबा हसला. मीही हसलो, पण मनमाड मागे पडेपर्यंत ते मनात टोचत राहिलं.

स्टेशनाबाहेर शहर बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदून ठेवलेत, तेव्हा द्वारका चौकासाठी अर्धा तास जास्तीचा धरा. रविवार कारंजाजवळ तात्यांच्या जुन्या छापखान्याच्या जागी आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. वरच्या दोन खोल्यांत तात्या, मुलगा आणि सून राहतात.

सुनेने चहा ठेवला. तात्यांनी हात धरून मला कपाटापाशी नेलं. आत सगळ्या वर्षांच्या बांधीव फायली होत्या. तात्या मूळचे कंपोझिटर. अग्रलेख ते कागदावर लिहीतच नसत. शिशाच्या अक्षरांच्या केसपुढे, म्हणजे खणांच्या पेटीपुढे, उभं राहून थेट खिळे जुळवत. त्यामुळे हस्तलिखित एकही नाही. आयुष्यभर जे लिहिलं ते या फायलींतच, दुसरीकडे कुठेही नाही.

वर्ष सापडलं, आठवडा सापडला. मी तिसरं पान उघडून वाचायला लागलो. सुरुवात नळाच्या पाण्याची होती. "पाणी कधी येणार ते पालिका सांगते. माझ्या घरी मात्र" एवढं वाचून मी थांबलो. पुढे कागदच नव्हता. ब्लेडने कापलेला सरळ चौकोन होता. त्याच्या खाली शेवटची ओळ तेवढी उरली होती, "हे मला तिनेच शिकवलं."

तात्यांनी बोटं फिरवून कडा चाचपल्या. त्यांना लगेच कळलं. तिसऱ्या पानावर अग्रलेख आणि पाठीमागे चौथ्यावर जाहीर नोटिसा, श्रद्धांजल्या. कुणी नाव बदलल्याची नोटीस दिलेली असे, कुणाचा दाखला हरवलेला असे. मग त्या अंकासाठी माणूस खेड्यातून यायचा आणि अंक संपलेले असायचे. तात्या फाईल उघडून तेवढा तुकडा कापून द्यायचे. मी पुढची पानं उलटत गेलो. दर दोन-तीन अंकांमागे एक खिडकी होती.

"त्याचं काम अडलं असतं," तात्या म्हणाले. "मला वाटायचं, आपण काय, पुन्हा लिहू."

मग त्यांनी विचारलं, "या खिडकीमागं काय होतं?"

मी पान उलटलं. चौकोनाच्या वर एक ओळ राहिली होती: नांदगाव, आमच्या वार्ताहराकडून. ती बातमी माझीच होती. वडील गेले तेव्हा त्यांचा एकुलता एक फोटो मी पाकिटात पाठवला होता. फोटो पुन्हा मिळाला नाही आणि घरचा अंक पाहुण्यांनी नेला. मग मीच इथे येऊन कात्रण मागून नेलं होतं. तात्यांना तसं सांगितलं.

तात्या हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. "म्हणजे माझा लेख तुझ्याच घरी आहे की रे."

मुक्कामाला पंचवटीतल्या धर्मशाळेत उतरलो. खोल्या स्वच्छ आहेत, उशी मात्र घरून न्या. संध्याकाळी रामकुंडावर बसलो. लोक पाण्यात दिवे सोडत होते. मी हात जोडले, पण मागणं जुळेना. घरी ते कात्रण कसं लावलंय हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तात्यांना ते सांगायचं धाडस मी केलं नव्हतं. सकाळी काळाराम मंदिरात जाऊन आलो. गर्दी नव्हती. नामस्मरणात मात्र चित्त लागलं नाही. वाटेत मिसळ मागवली, ती अर्धी टाकली. चांगली असणार.

घरी आलो आणि भिंतीवरची तसबीर उतरवून फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने काच काढली, नखाने कोपरा उचलून पाहिला. "काका, प्लायवूडवर खळीनं चिकटवलंय. भिजवलं तर मागचं कदाचित दिसंल, पण पुढचा फोटो जाईल. एवढा जुना कागद, मागचंबी हाती लागंल असं नाय."

बायको दारात वाट बघत होती. "मामांचा एवढाच फोटो हाय," एवढंच म्हणाली.

दोन दिवस तसबीर पलंगावर पडून होती. मी नुसता पाहत बसायचो. वडिलांच्या चेहऱ्यामागे, कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर, एका माणसाचं दुःख उलटं चिकटलेलं होतं. तिसऱ्या दिवशी मी ती पुन्हा भिंतीवर लावली आणि तात्यांना फोन करून सगळं सांगितलं. भिजवून बघायचं धैर्य झालं नाही, हेही सांगितलं.

मग तात्या म्हणाले, "राहू दे. वडिलांचं नाव नीट छापलं होतं का, तेवढं बघ. त्या आठवड्यात प्रुफं मीच तपासली होती, आणि माझं लक्ष नव्हतं."

मी तसबिरीजवळ गेलो. वडिलांचं नाव दगडू. छापलं होतं दगडु. सव्वीस वर्षं रोज त्यापुढे उदबत्ती लावत आलो आणि ते कधी दिसलं नव्हतं.

"बरोबर आहे, तात्या," मी म्हणालो.